पावसात मागची चाके

जूनचा पहिला पाऊस पडला, की पुणे-नाशिक रस्त्यावर भोसरीपासून चाकणपर्यंत एक दृश्य हमखास पाहायला मिळते. सिग्नल सुटतो. एखादी रिकामी पिक-अप गाडी घाईने निघते. तिची मागची चाके जागच्या जागी गरगर फिरतात आणि गाडीचा मागचा भाग हळूच डावीकडे, रस्त्याच्या उताराकडे सरकतो. ड्रायव्हर सरावाचा असेल तर तो ॲक्सिलरेटरवरचा पाय थोडा उचलतो आणि गाडी सरळ होते. नवखा असेल तर शेजारच्या मोटारसायकलवाल्याची धांदल उडते.

पावसाळा सुरू झाला की अकरावीच्या वर्गात हा प्रश्न दर वर्षी कोणी ना कोणी विचारतोच : "सर, गाडी मागूनच का सरकते? पुढून का नाही?" आमच्या भागात हा प्रश्न निघणे साहजिकच आहे. निम्म्या मुलांच्या घरचे कोणी ना कोणी गाड्यांच्या कारखान्यात कामाला आहे. प्रश्न साधा आहे. पण त्याच्या उत्तरात घर्षण, जडत्व, गुरुत्वमध्य आणि परिबल ही तुमच्या पुस्तकातली चारही प्रकरणे येतात.

प्रथम गाड्यांची ओळख करून घेऊ. इंजिनाने निर्माण केलेला जोर चाकांपर्यंत पोचवावा लागतो. तो मागच्या चाकांना दिला तर गाडी मागून ढकलली जाते. पुढच्या चाकांना दिला तर ती पुढून ओढली जाते. जुन्या ॲम्बॅसडर आणि प्रीमियर पद्मिनी मागून ढकलल्या जाणाऱ्या. इंजिन पुढे, तेथून गाडीच्या पोटाखालून एक लांब दांडा मागे जाई आणि मागची चाके फिरवी. १९८३ साली आलेली मारुती ८०० मात्र पुढून ओढली जाणारी.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात दोन्ही घराणी सुखाने नांदली आहेत. पिंपरीच्या टेल्कोत, म्हणजे आताच्या टाटा मोटर्समध्ये, तयार झालेल्या सिएरा (१९९१) आणि सुमो (१९९४) मागून ढकलल्या जात. त्याच कंपनीची १९९८ सालची इंडिका पुढून ओढली जाई. १९९५ मध्ये टेल्कोच्याच आवारात मर्सिडीज-बेंझ गाड्या जोडल्या जाऊ लागल्या आणि २००९ मध्ये तो कारखाना चाकणला गेला. त्या मागच्या चाकांच्या. त्याच वर्षी चाकणला सुरू झालेल्या फोक्सवॅगनच्या कारखान्यातली पोलो पुढच्या चाकांची. आणि ज्याच्या नावावरून आपण मराठीत प्रत्येक छोट्या मालगाडीला 'टेंपो' म्हणू लागलो, त्या बजाज टेंपो कंपनीच्या मूळ तीनचाकी टेंपोचे इंजिन तर पुढच्या एकुलत्या एका चाकावरच बसवलेले असे आणि ते एकटे चाक सगळा माल ओढून नेई!

आता प्रयोगाला लागू.

खेळण्यातली गाडी आणि चिकटपट्टी

चारही चाके मोकळी फिरणारी, वीतभर लांबीची एक खेळण्यातली गाडी घ्या. चावीची किंवा सेलवर चालणारी नको. सुमारे एक मीटर लांबीची सनमायका लावलेली गुळगुळीत फळी एका बाजूने उचलून उतार करा. गाडीची पुढची दोन्ही चाके चिकटपट्टीने बांधून टाका, म्हणजे ती फिरणार नाहीत, नुसती घसरतील. गाडी नाकासमोर उताराकडे तोंड करून सोडा. ती जवळजवळ सरळ खाली येईल. मुद्दाम थोडी तिरकी सोडली तरी उताराच्या दिशेला वळू पाहील.

आता पुढची चिकटपट्टी काढा आणि मागची दोन्ही चाके बांधा. पुन्हा सोडा. गाडी थोडी सरळ येते, मग एकाएकी तिची शेपूट बाजूला जाते, गाडी गिरकी घेते आणि उरलेला उतार ती उलटी, पाठ पुढे करून उतरते. कितीही सरळ सोडली तरी बहुतेक वेळा हेच घडेल. उतार फार कमी असेल तर गाडी हलणारच नाही. तेव्हा फळी थोडी अधिक उचला.

बहुतेक विद्यार्थी आधी उलटा अंदाज करतात. त्यांना वाटते, मागची चाके अडवली तर शेपूट मागे रेटलेली राहील आणि गाडी सरळ जाईल. हा अंदाज चुकतो, कारण त्यात एक गोष्ट सुटते : फिरणारे चाक आणि घसरणारे चाक यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

फिरणाऱ्या चाकाचा जमिनीला टेकलेला भाग त्या क्षणापुरता स्थिर असतो. तो घसरत नसतो. म्हणून तेथे स्थितिक घर्षण काम करते, आणि हे घर्षण कोणत्याही दिशेने विरोध करू शकते. असे चाक पुढे सहज जाते, पण बाजूला ढकलू गेलात तर अडून बसते. हातगाडी पुढे ढकलणे आणि आडवी ढकलणे यांतला फरक आठवा. घसरणाऱ्या चाकाचे तसे नाही. त्याच्यावरचे घर्षण एकच गोष्ट जाणते : ज्या दिशेने घसरण चालू आहे तिच्या बरोबर उलट. चाक कोणत्या दिशेने रोखलेले आहे याच्याशी त्याला काही देणे-घेणे नाही. घसरू लागलेल्या टायरला दिशा उरत नाही. साबणाची वडी ओल्या फरशीवर आडवी घसरते तशीच उभी घसरते, तसेच हे.

मागची चाके बांधलेली आपली गाडी पाहा. समजा काही कारणाने तिचे तोंड किंचित डावीकडे वळले, पण ती अजून सरळ खालीच जात आहे. पुढची चाके फिरती आहेत. ती तिरकी झाल्यामुळे फळीकडून त्यांना डावीकडे बल मिळते. हे बल गुरुत्वमध्याच्या पुढे लागते. त्यामुळे तोंड आणखी डावीकडे वळते, मग बल आणखी वाढते, आणि गिरकी पुरी होते. मागची चाके फिरती असती तर तेच डावीकडचे बल गुरुत्वमध्याच्या मागे लागले असते. त्याने शेपूट डावीकडे ढकलली असती आणि तोंड पुन्हा उजवीकडे, म्हणजे सरळ रेषेत आणले असते. बाणाला पिसे टोकाला न लावता मागे का लावतात, याचे कारणही हेच. मोटारगाडीची पिसे म्हणजे तिची मागची चाके. त्यांनी बाजूची पकड सोडली, की बाणाची पिसे उपटल्यासारखे होते.

चाक अडले तरच ते घसरते असे नाही. जरुरीपेक्षा जोरात फिरले तरीही घसरतेच. सिग्नलला गरगर फिरणारे ते मागचे चाक घ्या. समजा त्याच्या टायरचा पृष्ठभाग गाडीच्या वेगापेक्षा ताशी ३० कि.मी. अधिक वेगाने फिरत आहे आणि शेपूट ताशी ३ कि.मी. वेगाने बाजूला सरकत आहे. टायर जमिनीवर जवळजवळ सगळा मागच्या दिशेलाच घासत आहे. म्हणून घर्षण जवळजवळ सगळे पुढच्या दिशेला. बाजूची सरक रोखायला त्याचा दहावा हिस्सा उरतो. मागून ढकलणाऱ्या गाडीत ज्यादा जोर दिला, की आपणच आपल्या हाताने मागच्या चाकांना चिकटपट्टी लावतो. पुढून ओढणाऱ्या गाडीत तीच चिकटपट्टी पुढच्या चाकांना लागते. मग स्टिअरिंग फिरवूनही गाडी वळत नाही, सरळ बाहेरच्या बाजूला जाते. झाडावर आदळायचे तर दोन्ही प्रकारांनी आदळता येते! पण दुसऱ्या प्रकारात घाबरलेला माणूस जे आपोआप करतो, म्हणजे ॲक्सिलरेटरवरचा पाय काढतो, त्याने चाकांची पकड परत येते. पहिल्या प्रकारात तेवढ्याने भागेलच असे नाही. त्याचे कारण पुढे पाहू.

ओल्या रस्त्याचा हिशेब

कोरड्या डांबरी रस्त्यावर चांगल्या टायरचा घर्षणगुणांक ०.८ च्या आसपास असतो. रस्ता नुसता ओला असेल तर तो सुमारे ०.४ ते ०.५ वर येतो. पहिल्या पावसात तो याहूनही खाली जातो. आठ महिने रस्त्यावर तेलाचे थेंब, टायरच्या रबराची भुकटी आणि धूळ साठलेली असते, चाकणच्या एम.आय.डी.सी.तल्या रस्त्यांवर ट्रकची ये-जा अखंड, तेव्हा तेथे तर विचारायलाच नको. पाऊस भुरभुर पडला की या सगळ्याचा चिकट राबडा होतो. पुढे पाऊस लागून राहिला की तो वाहून जातो. म्हणून जूनच्या पहिल्या सरीतला रस्ता जुलैच्या मुसळधार पावसातल्या रस्त्यापेक्षा अधिक निसरडा असू शकतो. अशा राबड्यासाठी आपण गुणांक ०.२ धरू.

वळणावर काय होते पाहा. ५० मीटर त्रिज्येच्या वळणावर गाडीला लागणारे अभिकेंद्री बल टायरच्या घर्षणातूनच यायचे असते. वेगाचा वर्ग = गुणांक × ९.८ × ५०. कोरड्या रस्त्यावर उत्तर येते सेकंदाला सुमारे २० मीटर, म्हणजे ताशी ७१ कि.मी. ओल्यावर बरोबर १४ मीटर, ताशी ५० कि.मी. राबड्यावर ताशी ३६ कि.मी. ही सीमा सर्व गाड्यांना सारखीच. वस्तुमान समीकरणातून गळून पडले आहे. महागडी गाडी असो की खटारा.

पण ही सीमा चाकांवर दुसरे कोणतेही काम लादले नसेल तेव्हाची. एका मागच्या चाकावर २५० किलो भार आहे असे समजा. ओल्या रस्त्यावर ते चाक जास्तीत जास्त ०.४ × २५० = १०० किलो वजनाइतके बल रस्त्याकडून मिळवू शकते. हे बल कोणत्याही दिशेने वापरा, पण एकूण १०० च. वळणासाठी बाजूचे ६० लागत असतील, तर पुढे ढकलायला किती उरले? ४० म्हणाल तर चुकाल. ही दोन बले काटकोनात आहेत, त्यांची बेरीज पायथागोरसच्या रीतीने होते. ६० चा वर्ग अधिक ८० चा वर्ग बरोबर १०० चा वर्ग. म्हणजे ८० उरले. यात आनंद मानावा असे वाटते, पण उलट बाजूने पाहा : ड्रायव्हरने ॲक्सिलरेटर थोडा अधिक दाबला आणि ढकलण्यासाठी ९५ खर्च केले, तर बाजूला फक्त ३१ उरतात. लागतात मात्र ६०. शेपूट निघालीच! ८० वरून ९५ वर जायला पायाचा कितीसा दाब लागतो? कोरड्या रस्त्यावर हेच चाक २०० पर्यंत बल मिळवते. तेथे वळणाला ६० देऊन १९० उरतात, आणि साध्या गाडीचे इंजिन तेवढा जोर वरच्या गिअरमध्ये देऊही शकत नाही. कोरड्यात माफ होणारी चूक ओल्यात माफ होत नाही ती अशी.

मग मागून ढकलणे वाईटच का? तसे असते तर मर्सिडीजसारख्या गाड्या तशा का बनवल्या असत्या? येथे एक मोठा गमतीचा हिशेब आहे. वही-पेन्सिल घेऊन तो करूनच पाहा.

गाडी जोराने पुढे निघाली की आपण आसनात मागे दाबले जातो. त्याचप्रमाणे गाडीचा काही भार पुढच्या चाकांवरून मागच्या चाकांवर सरकतो. ढकलणारे बल 'ब' जमिनीलगत लागते आणि गुरुत्वमध्य त्याच्या वर काही उंचीवर असतो, त्याचा हा परिणाम. सरकलेला भार = ब × (गुरुत्वमध्याची उंची ÷ पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर). उंची ०.५५ मीटर आणि अंतर २.५ मीटर धरू, गुणोत्तर ०.२२ येते. आता १००० किलोच्या दोन गाड्या घ्या. मागून ढकलणाऱ्या गाडीत मागच्या चाकांवर ४८० किलो भार आहे. पुढून ओढणाऱ्या गाडीत इंजिन, गिअरबॉक्स सारे पुढे एकवटलेले, म्हणून पुढच्या चाकांवर ६०० किलो.

मागच्या चाकांच्या गाडीला मिळू शकणारे सर्वाधिक बल : ब = गुणांक × (४८० + ०.२२ ब). पुढच्या चाकांच्या गाडीला : ब = गुणांक × (६०० − ०.२२ ब). पहिल्यात अधिक आहे, दुसऱ्यात उणे. कारण भार मागे सरकतो तो पहिलीच्या उपयोगी पडतो आणि दुसरीच्या अंगावर येतो. कोरड्या रस्त्यासाठी समीकरणे सोडवा. पहिलीला ४६६ किलो, दुसरीला ४०८. मागून ढकलणारी जिंकली. ओल्या रस्त्यावर, गुणांक ०.४ : पहिलीला २११, दुसरीला २२१. पारडे फिरले. राबड्यावर, ०.२ : पहिलीला १००, दुसरीला ११५.

मला हा हिशेब फार आवडतो. मागून ढकलणाऱ्या गाडीचा सारा फायदा भार मागे सरकण्यात आहे, आणि भार सरकतो तो पकड असली तरच. पकड गेली की भारही सरकत नाही, आणि मग ज्या चाकांवर मुळात वजन अधिक तीच चाके सरस ठरतात. पावसाने गाडीची पकड तर कमी केलीच, वर दोन घराण्यांतला निकालही उलटा केला. (चढावर मात्र भार पकड नसतानाही मागे सरकतो, कारण तेथे उतारच तो सरकवतो. मागे माल भरलेली, पुढून ओढणारी गाडी चिखलाचा चढ चढताना का रडते, ते तुम्हीच ठरवा.) रिक्षाचा निकाल आणखी वेगळा. बजाजने १९७७ साली इंजिन मागे असलेली रिक्षा आणली. तिच्यात इंजिन मागे, उतारू मागे आणि जोरही मागच्याच चाकांना. म्हणून चिखलातून निघायला ती भल्या भल्या मोटारींपेक्षा तरबेज असते.

कांदा उतरवल्यावर

आता सुरुवातीच्या रिकाम्या पिक-अपकडे वळू. चाकणचा कांदा-बटाट्याचा बाजार प्रसिद्ध आहे. खेड तालुक्यातल्या आणि आसपासच्या गावांतून कांदा भरून पिक-अप गाड्या येतात आणि बऱ्याचदा रिकाम्या परत जातात. येताना मागच्या आसावर, समजा, १५०० किलो भार असेल. कांदा उतरवल्यावर ५५० किलो उरला. ओल्या रस्त्यावर मागची चाके आधी ६०० किलोपर्यंत बल पेलू शकत होती, आता २२० पर्यंतच.

तुम्ही म्हणाल, भार कमी झाला तर वळणाला लागणारे बलही कमी झाले, मग बिघडले कोठे? शंका अगदी रास्त आहे. बाजूचे बल खरोखरच भाराच्या प्रमाणात लागते. त्यामुळे नुसत्या वळणासाठी रिकामी गाडी भरलेल्या गाडीइतकीच सुरक्षित असायला हवी. पण इंजिनाचा जोर आणि ब्रेकचा दाब यांना कांदा उतरल्याची खबर नसते. दुसऱ्या गिअरमध्ये जो जोर भरलेल्या गाडीला कसाबसा पुरत होता, तोच आता २२० ची मर्यादा सहज ओलांडतो. ब्रेकचेही तेच : पायाच्या त्याच दाबाला भरलेल्या गाडीची चाके नुसती मंदावत होती, रिकामीची मागची चाके अडकून घसरू लागतात. म्हणून अनेक मालगाड्यांच्या मागच्या आसाजवळ भाराप्रमाणे ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारा एक व्हॉल्व्ह असतो. तो गंजून अडकला असेल तर पावसाळ्यात त्याचा उपयोग नाही. गाडी सर्व्हिसिंगला जाते तेव्हा याची चौकशी करावी. फार थोडे लोक करतात.

आता राहिलेला प्रश्न. पाय काढल्याने मागून ढकलणारी गाडी सावरतेच असे का नाही? ॲक्सिलरेटर एकदम सोडला, की इंजिन चाकांना फिरवण्याऐवजी चाके इंजिनाला फिरवू लागतात. इंजिन अडते, हा एक प्रकारचा ब्रेकच, आणि तो या गाडीत फक्त मागच्या चाकांना लागतो. शिवाय वेग कमी होताना भार पुढे सरकतो, मागची चाके आणखी हलकी होतात. वळणावर चौथ्यातून एकदम दुसऱ्या गिअरमध्ये येऊन क्लच झटक्याने सोडणे म्हणजे तर हँडब्रेक ओढण्यासारखेच. जाणते ड्रायव्हर पावसात गिअर वळणाच्या आधी बदलतात आणि पाय उचलतात तो सावकाश.

शेपूट निघालीच, तर ती ज्या बाजूला जात आहे त्याच बाजूला स्टिअरिंग वळवायचे, असे शिकवतात. ऐकायला विचित्र वाटते. शेपूट उजवीकडे गेली म्हणजे तोंड डावीकडे वळले. पण जडत्वामुळे गाडी जात आहे ती पूर्वीच्याच दिशेने. स्टिअरिंग उजवीकडे वळवले, की पुढची चाके गाडीच्या खऱ्या गतीच्या दिशेला लागतात आणि तोंडाला डावीकडे नेणारे ते बल नाहीसे होते. सोबत क्लच दाबला तर मागची चाके इंजिनापासून सुटतात, पुन्हा मोकळी फिरतात आणि पिसे बाणाला परत लागतात. हे सगळे एका सेकंदात करायचे असते, म्हणून वाचून जमत नाही. वाचून जमते ते एवढेच, की ही वेळ कशाने येते ते ओळखणे.

पाण्याचा थर आणि नवे टायर

आतापर्यंत टायर रस्त्याला टेकलेला आहे असे आपण गृहीत धरले. साचलेल्या पाण्यात तेही खरे राहत नाही. टायरवरच्या खाचा त्याच्याखालचे पाणी बाजूला काढून देण्यासाठी असतात. वेग वाढला की पाण्याला निघून जायला वेळ मिळत नाही, त्याचा दाब वाढतो, आणि तो टायरमधल्या हवेच्या दाबाशी बरोबरी करू लागला की टायर पाण्यावर तरंगू लागतो. १९६० च्या दशकात अमेरिकेत नासाच्या लँगली केंद्रात विमानांच्या टायरवर यासंबंधी पुष्कळ प्रयोग झाले. त्यांतून एक सोपे सूत्र मिळाले : हवेचा दाब पौंडांत घ्या, त्याचे वर्गमूळ काढा आणि १६.७ ने गुणा. टायर तरंगू लागण्याचा वेग ताशी किलोमीटरमध्ये सुमारे तेवढा येतो. मोटारीच्या टायरमध्ये ३० पौंड हवा असेल तर ९१. हवा कमी होऊन २० वर आली असेल तर ७५. किवळ्याहून द्रुतगती मार्गाला लागणारी मोटार हे वेग सहज गाठते. अर्थात टायरच्या खाचा चांगल्या असतील आणि पाणी उथळ असेल तर तरंगण्याची वेळ येत नाही. टायर गोटा झाला असेल तर थोडे पाणीही पुरते.

येथे एक व्यावहारिक प्रश्न उभा राहतो, आणि त्यावर गॅरेजमध्ये हमखास वाद होतो. चारांपैकी दोनच टायर नवे घेतले. ते पुढे बसवायचे की मागे? पुष्कळ जण म्हणतात, पुढे. स्टिअरिंग पुढच्या चाकांना आहे आणि पुढून ओढणारी गाडी असेल तर जोरही पुढेच. आपला प्रयोग काय सांगतो? पुढचे टायर आधी तरंगले तर गाडी सरळ जाते. स्टिअरिंग एकदम हलके लागते, ड्रायव्हरला कळते आणि तो वेग कमी करतो. मागचे आधी तरंगले तर काहीच सूचना मिळत नाही आणि गाडी गिरकी घेते. म्हणून नवे टायर मागे, आणि ते कोणत्याही घराण्याच्या गाडीला. टायर बनवणारे कारखानदारही हेच सांगतात. खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात, १.६ मिलिमीटर उंचीचे. खाच झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर बदलायचा. तुमच्या घरच्या गाडीच्या मागच्या टायरवर ते शोधून पाहा.

अलीकडे या कामात विजेच्या यंत्रणा मदतीला आल्या आहेत. ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी ए.बी.एस. यंत्रणा १९७८ मध्ये मर्सिडीजच्या गाडीत आली. भारतात एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना ती सक्तीची आहे. १९९५ मध्ये तिच्या पुढची पायरी आली : गाडी किती वळायला हवी आणि खरोखर किती वळत आहे हे मोजून, फरक पडला की एकाच चाकाला हलका ब्रेक लावून तोंड सरळ करणारी यंत्रणा. या सगळ्यांचे मूळ काम एकच : कोणते चाक बाकीच्यांपेक्षा जलद किंवा सावकाश फिरते आहे यावर लक्ष ठेवणे, म्हणजेच चिकटपट्टी लागू न देणे.

आणि म्हणूनच मागून ढकलणाऱ्या गाड्या पुन्हा रस्त्यावर येत आहेत. महिंद्रने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या आणि चाकणला तयार होणाऱ्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या विजेवरच्या मोटारींत मोटर मागच्या आसापाशी आहे आणि मागचीच चाके फिरवते. विजेच्या मोटरचा जोर शून्य वेगापासून पुरेपूर मिळतो; ओल्या रस्त्यावर ही खरे तर अडचणच. पण तोच जोर काही शतांश सेकंदांत कमीही करता येतो, आणि पेट्रोलच्या इंजिनाला ही चपळाई साधत नाही. चाक निसटू लागले की समोरच्या फलकावर घसरणाऱ्या गाडीच्या चित्राचा पिवळा दिवा लुकलुकतो. पावसात कधी अशा गाडीत पुढे बसायला मिळाले तर त्या दिव्यावर नजर ठेवा. यंत्रणेने इंजिनाचा जोर आवरला किंवा एखाद्या चाकाला ब्रेक लावला, असा त्याचा अर्थ. रस्त्याचा गुणांक मात्र तिला वाढवता येत नाही. ५० मीटर त्रिज्येच्या ओल्या वळणाची सीमा तिच्याही गाडीला ताशी ५० कि.मी.च आहे.